तपासले: प्रियांका

"अगं, तीनदा चालव ना. एकदा तरी हिरवी येतेच," हर्षित म्हणाला आणि खुर्ची गर्रकन फिरवून आपल्या स्क्रीनकडे वळला. त्याच्या मते प्रश्न तिथेच मिटला होता.

प्रियांकाच्या मते तो तिथून सुरू होत होता. जी गोष्ट दोनदा 'नाही' म्हणते आणि तिसऱ्यांदा 'हो' म्हणते, तिचं तिसरं उत्तर तेवढं खरं धरायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या या ऑफिसात 'दौत' तयार होते. दौत म्हणजे मराठीत लिहिण्याचा एडिटर. कल्याण कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, तालुक्याची साप्ताहिकं काढणारे, प्रश्नपत्रिका जुळवणाऱ्या शिक्षिका, अशी साधी माणसं ती वापरतात. ही दौत नुसती लिहून देत नाही. मधूनमधून स्वतःच इंटरनेटवर जाते आणि नवे फॉन्ट, शब्दकोश, आपल्याच दुरुस्त्या उतरवून आणते. समोरचा खरा आहे की नाही, हे ती त्याचं सर्टिफिकेट बघून ठरवते. मुदत संपलेलं, भलत्याच्या नावाचं किंवा घरच्या घरी छापलेलं सर्टिफिकेट घेऊन कुणी आलं, तर त्याच्या तोंडावर दार आपटायचं, असा नियम. ती ते आपटते की नाही, हे बघणाऱ्या टेस्ट प्रियांकाने लिहिल्या होत्या. प्रत्येक टेस्ट दौतला मुद्दाम एका खोट्या पत्त्यावर पाठवायची. दौतने दार लावलं की टेस्ट हिरवी, आत घेतलं की लाल.

बाळंतपणाच्या रजेवर जाताना सगळ्या हिरव्यागार होत्या. सहा महिन्यांनी परत आली, तर तीन लाल झालेल्या आणि लाल झाल्या म्हणून 'स्किप' करून कोपऱ्यात बसवलेल्या. पहिल्याच दिवशी तिने ते तीन 'स्किप' काढून टाकले, आणि सगळी आवृत्ती अडकली.

मग चांगदेव सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दौत त्यांचीच. पुण्याच्या छापखान्यातून आलेले, शुद्ध बोलणारे, कधी आवाज न चढवणारे.

"बस, प्रियांका. बाळ काय म्हणतंय?"

"मजेत आहे, सर."

"झोप होत नसेल तुझी. मला दोन मुली आहेत, मला कळतं ते. म्हणून म्हटलं, सध्या तुला जरा हलकं काम द्यावं. आपलं मॅन्युअल कधीपासून लिहायचं राहिलंय, आणि तुझं मराठी उत्तम आहे."

"आणि माझ्या टेस्ट?"

"त्या तीन काढून टाकू. जी कधी पास होते आणि कधी नापास, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? शुक्रवारी दुपारी आवृत्ती सोडायची आहे."

हलकं काम म्हणजे काय, ते प्रियांकाने पाहिलं होतं. तिच्या आधी विनिता बाळंतपणाहून परत आली, तिलाही असंच हलकं काम मिळालं. इतकं हलकं, की दोन-चार महिन्यांत विनिताच उडून गेली, आणि ती गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"सर, शुक्रवार दुपारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "चूक टेस्टची निघाली तर मी माझ्या हाताने पुसते आणि सोमवारपासून मॅन्युअल लिहिते. पण टेस्ट खरं बोलत असतील, तर त्या राहतील आणि मीही जिथे आहे तिथेच राहीन."

सर हसले. "हट्टी आहेस."

"हो," ती म्हणाली.

बुधवारी ती घरून काम करायची. ठाकुर्लीला, नव्वद फुटी रस्त्यालगतच्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर. सम्यक नुकता उपडा पडायला लागला होता आणि उपडं पडून पुढे काय करायचं हे न सुचल्याने रडायला लागत होता. त्याला सुलटा करायचा, की तो लगेच पुन्हा उपडा. त्याच्या दोन रडण्यांच्या मध्ये जेवढं काम होईल तेवढं करायचं. त्याच्या मानेला दुधाचा वास येत होता. सुलटा करता करता ती नाक तिथे खुपसायची आणि मग हातातलं काम काय होतं हे तिला पुन्हा आठवावं लागायचं.

तिने टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या.

पुन्हा चालवल्या. हिरव्या. तिने ऑफिसला फोन लावला. "हर्षित, आत्ता तिकडे चालव रे."

"लाल," हर्षित म्हणाला. मग हसून, "तुझ्या टेस्टना ठाकुर्लीची हवा मानवते वाटतं. माहेरपणाला आल्यात!"

तिने ऑफिसच्या मशीनचं घड्याळ तपासायला सांगितलं. मुदत संपली की नाही हे घड्याळावरच ठरतं ना. तेच मागे पडलं असलं तर? घड्याळ बरोबर होतं. तिने उत्तराची वाट बघायचा वेळ वाढवून दिला. काही फरक नाही. तेवढ्यात सम्यक पुन्हा उपडा.

"काय बघत बसलीस गं त्या लाल-हिरव्याकडे सकाळपासनं?" केशरबाई नातवाला उचलून खांद्यावर टाकत म्हणाल्या. "सिग्नलवर उभी असल्यासारखी."

केशरबाई म्हणजे प्रियांकाच्या सासूबाई. मानपाड्याच्या अंगणवाडीत सगळी नोकरी गेली. आता रिटायर होऊन त्यांच्या वाट्याला एकच पोर आलं होतं, आणि सगळ्या अंगणवाडीला पुरेल एवढी शिस्त त्या त्याला एकट्याला लावत होत्या. प्रियांकाने त्यांना दौत, दार आणि खोटी सर्टिफिकेटं समजावून सांगितली.

"म्हणजे आमच्या दारातलाच प्रकार," त्या म्हणाल्या. "एकदा एक बाप्या आला स्कूटरवर. म्हणतो, मी सोनूचा मामा, त्याला न्यायला सांगितलंय. कपडे चांगले, बोलणं गोड. मी म्हटलं, आईला घेऊन ये. तर चिडला. नगरसेवकाचं नाव घेतो! मी म्हटलं, नगरसेवकाला घेऊन आलास तरी पोर मिळायचं नाही."

"मग?"

"मग काय? तासभर उभा राहिला उन्हात. सोनूची आई आली, तेव्हा दिलं."

"म्हणजे खरा मामा होता?"

"होता की! सख्खा मामा. अजून बोलत नाही माझ्याशी."

प्रियांका इतकी हसली, की सम्यक दचकला. "आणि आई, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"कशाचं? तासभर उभं राहून झिजला का तो?" केशरबाईंनी बाळाच्या पाठीवर थापटलं. त्याने मोठ्ठा ढेकर दिला. "हां, शाब्बास. तुझ्या सरांना म्हण, थांबा म्हणावं. लोकं उभं राहायलाच तयार नसतात, बाकी काही नाही."

गुरुवारी ऑफिसात दूध काढायची वेळ झाली, तशी प्रियांका पंपाची पिशवी घेऊन सर्व्हरच्या खोलीत गेली. ऑफिसातल्या बाकी सगळ्या खोल्या काचेच्या. मोकळेपणा असावा म्हणून तसं केलंय, असं चांगदेव सर पाहुण्यांना सांगायचे. दार असलेली खोली ही एकच, आणि त्या दाराची कडीही नीट लागत नसल्याने ती आतून खुर्ची लावून बसायची. यंत्रांसाठी एसी एवढा गार, की नवऱ्याचा स्वेटर अंगात. पंपाचा घरघराट यंत्रांच्या घरघराटात मिसळून जायचा, हेच त्यातलं सुख.

दूध उतरायला वेळ लागतो. मन शांत लागतं. ती फोनवर सम्यकचा फोटो बघायची, आणि फोटो बघून झाला की समोरच्या यंत्रांकडे.

दसऱ्याला यंत्रांना हळदकुंकू वाहायची या ऑफिसची रीत. जुन्या यंत्रांवर टिळ्यांचे थरावर थर बसले होते; कुठलं यंत्र किती वर्षांचं, ते थरांवरून सांगता यावं. झेंडूची माळ मात्र एकालाच, त्या वर्षी नव्याने आलेल्या यंत्राला. घातलेली माळ पुढच्या दसऱ्यापर्यंत काढायची कुणाची छाती व्हायची नाही. आज तिच्या डोळ्यांसमोर, खालच्या कप्प्यात, एक काळा चपटा डबा होता. त्याच्यावर टिळा एकच. आणि गळ्यात वाळून तपकिरी झालेली झेंडूची माळ.

म्हणजे हा गेल्या दसऱ्याला आलेला. गेल्या दसऱ्याला ती इथे नव्हती. तो दिवस म्हणजे तिच्या घरी अशोक विजयादशमी. केशरबाई पांढरी साडी नेसून पुढे, मागून ती आणि तिचा नवरा राजरत्न, आणि पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेला सम्यक. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेला, विहारात सगळ्यांच्या मांडीवरून फिरलेला आणि वंदना सुरू होताच गाढ झोपलेला.

एका हाताने बाटली धरून तिने दुसऱ्या हाताने फोनवर टेस्टचा जुना इतिहास काढला. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत हिरव्या. दसऱ्यानंतर लाल. मधूनच कधीतरी एखादी हिरवी.

"तू होतास होय रे," ती डब्याला म्हणाली.

डब्यावर नाव होतं 'रक्षकगेट'. हा काय करतो, हे शोधायला फार वेळ लागला नाही. ऑफिसातून बाहेर जाणारं प्रत्येक बोलणं हा मध्येच थांबवतो, उघडून वाचतो, पुन्हा बंद करतो आणि वर स्वतःच्या सहीचं ताजं सर्टिफिकेट लावून पुढे देतो. व्हायरस येऊ नयेत म्हणून, आणि कामाच्या वेळात कुणी क्रिकेट बघू नये म्हणून, सरांनी हौसेने बसवलेला. त्यामुळे तिची टेस्ट दौतला खोट्या पत्त्यावर पाठवायची, पण खोटा माणूस दौतला भेटायचाच नाही. मध्ये हा उभा. खोट्याचं फाटकं सर्टिफिकेट खिशात घालून स्वतःचं कोरं करकरीत पुढे करणारा. दौत बिचारी दार उघडायची. आणि ऑफिसची मोठी लाइन बंद पडून छोट्या ब्रॉडबँडवर गाडी गेली की डबा वाटेत नसायचा, आणि टेस्ट हिरवी व्हायची. हर्षितचं 'तीनदा चालव' म्हणजे लाइन जायची वाट बघणं होतं.

बाटली भरली होती. तिने झाकण लावलं, पण ती उठली नाही. एक गोष्ट बसत नव्हती. डब्याने सर्टिफिकेट पुढे केलं, ठीक. पण दौतने त्या सहीवर विश्वास का ठेवला? कुणाच्या सह्या मानायच्या, याची दौतची स्वतःची यादी आहे. ती दौतच्या पोटातच असते, आणि त्यात हा डबा असायचं काही कारण नाही.

जागेवर येऊन तिने ती यादी उघडली. जगभरच्या मोठमोठ्या संस्थांची नावं, आणि सगळ्यांत शेवटी, पंगतीत घुसून बसलेल्या आगंतुकासारखं: रक्षकगेट.

बदल हर्षितचा होता, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवसाचा. शेजारी टीप: 'ऑफिसमध्ये अपडेट उतरत नव्हतं, आता उतरतं.' आणि त्याखाली, त्यांच्या पद्धतीप्रमाणे, दुसऱ्या माणसाने बघून मान्य केल्याची ओळ.

'तपासले: प्रियांका.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली. त्या तारखेला ती सम्यकला लसीला घेऊन गेली होती. सुई टोचल्यावर तो आधी नुसता तिच्याकडे बघत राहिला होता, तू असताना असं कसं झालं म्हणून, आणि मग ओठ काढून रडला होता. तो चेहरा तिला आजही जसाच्या तसा दिसत होता. त्या दिवशी तिने जगात दुसरं काही तपासलेलं नव्हतं.

"हर्षित. इकडे ये."

तो आला, वाकून बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले. हर्षित वाईट मुलगा नव्हे. जेवणाच्या डब्यात काही गोड आणलं की आधी तिला देणारा.

"ते मी केलेलं," तो म्हणाला. "अपडेट कोणाचंच उतरत नव्हतं अगं. सर मागे लागलेले. तुझी मान्यता लागत होती आणि तुझं लॉगिन होतं ना माझ्याकडे."

होतंच. रजेवर जाताना सर म्हणाले होते, लॉगिन हर्षितकडे ठेवून जा, काम अडायला नको. तेव्हा तिला चपलेत पाय घालतानाही धाप लागत होती. ठेवून गेली.

"एक फोन करायचास."

"तू बाळंतीण. म्हटलं कशाला त्रास द्यायचा?"

"त्रास नको म्हणून माझ्या नावाने सही केलीस?"

"सही काय गं... एक क्लिक."

"हे बाहेर गेलं का?"

हर्षितने मान खाजवली. "डिसेंबरच्या छोट्या अपडेटात... गेलं असणार."

म्हणजे कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांच्या, शिक्षिकांच्या, साप्ताहिकवाल्यांच्या मशीनवर बसलेली प्रत्येक दौत आज त्या डब्याची सही खरी मानत होती. त्या डब्याची सही करण्याची गुप्त किल्ली ज्याच्या हाती लागेल, तो दौतचं नाव सांगून त्यांच्या मशीनमध्ये काहीही उतरवू शकत होता. माणसांनी तिच्या नावाने 'हो' म्हणून टाकलं होतं, आणि तिच्या टेस्ट तेव्हापासून 'नाही, नाही' करत होत्या. त्यांनाच गप्प बसवलं.

शुक्रवारी सकाळी राजरत्न सम्यकला नाचणीसत्त्व भरवत होता, म्हणजे सम्यकच्या गालांना आणि स्वतःच्या बनियनला भरवत होता, आणि प्रियांका ओट्याशी उभ्याने टाइप करत होती. टेस्ट बाहेरच्या पत्त्यांवर विसंबायला नकोत, हे तिने ठरवलं होतं. खोटी माणसं आता घरचीच: टेस्ट सुरू झाली की त्याच मशीनच्या आत एक छोटा सर्व्हर उभा राहणार, मुद्दाम बिघडवलेली सर्टिफिकेटं घेऊन. मध्ये ना लाइन, ना डबा. ठाणे काय नि ठाकुर्ली काय, उत्तर एकच यायला हवं. आणि एक नवी टेस्ट: यादीत आगंतुक आढळला की लाल.

"आणि सर नाहीच म्हणाले तर?" राजरत्नने विचारलं.

"तर नाही."

"म्हणजे नोकरी?"

"गेली तर टेस्ट लिहिणारी म्हणून जाईन. मॅन्युअलवाली म्हणून नाही जाणार."

राजरत्नने चमचा हवेत धरून तिच्याकडे बघितलं. सम्यकनेही बघितलं, तोंड उघडं ठेवून. "जा," राजरत्न म्हणाला. "त्याला मी आणि आई बघतो. पण जाताना केस विंचर, मागून उभे राहिलेत."

दुपारी मीटिंग. काचेची खोली, चांगदेव सर, हर्षित, आणि गिऱ्हाइकांचे फोन घेणारी रसिका. प्रियांकाने लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. आधी ऑफिसच्या लाइनवर जुन्या टेस्ट चालवल्या: लाल. मग फोनचं नेट लावलं: हिरव्या.

"म्हणजे दोष नेटवर्कचा," सर समाधानाने म्हणाले. "दौतचा नाही. मी तेच म्हणत होतो. मग काढून टाकायला हरकत काय?"

"थांबा, सर." तिने यादी उघडली आणि शेवटची ओळ दाखवली. मग डिसेंबरचं अपडेट. मग मान्यतेची ओळ. समजावून सांगताना तिचा आवाज सपाट होता.

"अहो, पण तो डबा आपल्याच ऑफिसात आहे," सर म्हणाले. "त्याची किल्ली बाहेर कशाला जाईल?"

"तो डबा कुठे आहे माहीत आहे, सर? ज्या खोलीची कडी लागत नाही त्या खोलीत. मी रोज तिथे दाराला खुर्ची लावून दूध काढायला बसते. डब्याच्या पोटावर त्याचा पासवर्ड चिकटवलेला आहे, मला बसल्या जागेवरून वाचता येतो. महाराष्ट्रातल्या सगळ्या दौतींची सुरक्षा आज माझ्या त्या खुर्चीवर आहे."

हर्षित टेबलाकडे बघू लागला. रसिकाला हसू आलं आणि तिने ते पाण्याच्या ग्लासात लपवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ते नाव यादीतून काढा. नव्या टेस्ट ठेवा. आवृत्ती आजच जाऊ दे. मात्र बोभाटा नको. 'किरकोळ सुधारणा' एवढं लिहा."

आता जिंकली, असं कुणालाही वाटलं असतं. हर्षितने तर सुटकेचा श्वासही सोडला.

"नाही, सर," प्रियांका म्हणाली.

"आता आणखी काय?"

"डिसेंबरचं अपडेट ज्यांनी घेतलंय त्यांना सांगायला हवं. किरकोळ म्हटलं तर निम्मे लोक घेणारच नाहीत. काय झालं ते लिहायचं, लगेच घ्या म्हणून लिहायचं."

"तुला कल्पना आहे का, लोक काय म्हणतील? इतक्या वर्षांचं नाव आहे दौतचं."

"त्याच्याखाली माझंही नाव आहे. मी न बघितलेल्या गोष्टीखाली. आजच्या आवृत्तीवर 'तपासले' म्हणून माझं नाव हवं असेल, तर ही सूचना तिच्यासोबत जाईल. नको असेल तर दुसऱ्या कुणाचं घाला. पण या वेळी त्याला स्वतःच्या हाताने क्लिक करू द्या."

सरांनी हर्षितकडे पाहिलं. हर्षितने मान हलवली, अगदी थोडी, पण नाहीच्या बाजूने. "मी नाही करणार, सर," तो म्हणाला. "चूक माझीच आहे. हवं तर माझं नाव लिहा तसं."

"नावं नकोत कुणाची," प्रियांका म्हणाली. "आमच्याकडून झालं, एवढं पुरे."

तिने तिथेच लिहिलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पडद्यावर. 'डिसेंबरच्या अपडेटात आमच्या चुकीमुळे एक नको ते सर्टिफिकेट गेले आहे. त्यामुळे तुमची दौत खोट्या माणसाला खरे समजू शकते. कृपया आजच ही आवृत्ती घ्या.' चांगदेव सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि मधलं वाक्य पुसलं. तिने कीबोर्ड परत ओढला आणि ते वाक्य जसंच्या तसं पुन्हा लिहिलं. सरांनी हात पुढे केला. तो हवेत थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो मागे घेऊन खिशात घातला.

"सोडा," ते म्हणाले. उठून दाराशी गेले आणि वळले. "सोमवारपासून मॅन्युअलचं काय?"

"तुम्ही लिहा ना, सर," ती म्हणाली. "तुमचं मराठी माझ्याहून चांगलं आहे."

रसिकाला या वेळी ग्लास सापडला नाही. ती उघडच हसली. सर गेले. त्यांची पावलं रागाची होती हे काचेपलीकडूनही दिसत होतं. सोमवारी त्या रागाचं काय व्हायचं ते होईल. तिला त्यासाठी रविवारभर झुरायचं नव्हतं. तिने नाव यादीतून काढलं, सगळ्या टेस्ट चालवल्या, एकेकदाच. आधी ऑफिसच्या लाइनवर, मग फोनच्या. दोन्हीकडे हिरव्या. गिऱ्हाइकांना दिसणाऱ्या त्या सूचनेच्या तळाला स्वतःच्या हाताने 'तपासले: प्रियांका' लिहिलं आणि बटण दाबलं.

लॉगिनचा पासवर्डही बदलला. हर्षितने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दूध भरून आलं होतं, ब्लाऊज ओला व्हायच्या बेतात. ती पिशवी उचलतच होती, तेवढ्यात रसिकाच्या टेबलावरचा फोन वाजला. रसिकाने ऐकलं, रिसीव्हरवर हात ठेवला.

"कल्याण कोर्टाबाहेरचे कुणी जगन म्हणून टायपिस्ट आहेत. भडकलेत जाम. म्हणतात, ही प्रियांका कोण, तिलाच द्या. काय सांगू? मीटिंगमध्ये आहे म्हणू?"

प्रियांकाने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि हात पुढे केला.

"दे इकडे," ती म्हणाली, आणि फोन कानाला लावला. "हो काका, मीच प्रियांका. बोला."